यीस्टमधील प्रतिलेखनाचे नियमन करणारी प्रथिन संकुले : अभ्यासाला सुरुवात कशी करावी

सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टमध्ये जनुकांच्या प्रतिलेखनावर, म्हणजे डीएनएवरून आरएनए तयार होण्यावर, ताबा ठेवणाऱ्या प्रथिन संकुलांचा अभ्यास करू पाहणारा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात नावांच्या गर्दीत अडकतो. मेडिएटर, सागा, टीएफआयआयडी, स्विस्निफ, आरएससी, न्यूए४, कॉम्पास, आरपीडी३एल, टप१–सायक८ अशी यादी समोर येते, बहुतेक नावांखाली आठ-दहा ते पंचवीस उपएकके (संकुलात जोडलेली एकेक प्रथिने) असतात आणि त्यांपैकी काही उपएकके दोन-दोन संकुलांत सापडतात. ही यादी पाठ करून विषय कळत नाही, असे माझे ठाम मत आहे. एकच जनुक निवडावे, ते बंद असताना आणि चालू होताना त्याच्यापाशी कोण येते, कोण काय करते आणि कोण निघून जाते हे पाहावे. त्या ओघात संकुलांची जी ओळख होते ती टिकते. पुढील पायऱ्या याच विचाराने मांडल्या आहेत आणि त्यांसाठी रेणवीय जीवशास्त्राची पदवीपातळीची ओळख पुरेशी आहे.

यीस्टच का, याचे उत्तर थोडक्यात देता येते. संपूर्ण जनुकसंच वाचला गेलेला हा पहिला दृश्यकेंद्रकी (पेशीत केंद्रक असलेला) जीव. ते काम १९९६ मध्ये पूर्ण झाले. १६ गुणसूत्रे, सुमारे १.२ कोटी बेस जोड्या आणि सुमारे ६,००० जनुके एवढाच त्याचा पसारा आहे. ३० अंश सेल्सिअसला चांगल्या माध्यमात पेशींची संख्या साधारण दीड तासात दुप्पट होते आणि गुणसूत्रातील हव्या त्या जागी हवा तो बदल अचूक करता येतो. शिवाय येथे भेटणाऱ्या बहुतेक संकुलांची भावंडे मानवी पेशीतही आहेत.

पायरी पहिली : एक जनुक निवडणे

सुरुवातीसाठी गॅल१ हे जनुक मी सुचवतो. गॅलॅक्टोजवर फॉस्फेट गट चढवणारे गॅलॅक्टोकायनेज हे विकर त्यापासून तयार होते. माध्यमात ग्लुकोज असेल तर हे जनुक घट्ट बंद असते, रॅफिनोज असेल तर ते बंद असूनही तयारीत असते, आणि रॅफिनोजवर वाढलेल्या पेशींना गॅलॅक्टोज मिळताच काही मिनिटांत चालू होते. बंद आणि चालू या दोन टोकांमध्ये आरएनएच्या प्रमाणात सुमारे हजारपट फरक पडतो. केवळ साखर बदलून एकाच जनुकाच्या तीन वेगळ्या अवस्था हाती येतात, आणि नवख्या अभ्यासकाला याहून सोयीची मांडणी मिळणे कठीण आहे.

आता या तीन अवस्था वहीत तीन चित्रांच्या रूपाने काढाव्यात. पहिल्या चित्रात, म्हणजे ग्लुकोज असताना, मिग१ हे दमनक प्रथिन जनुकाच्या वरच्या भागात बसलेले असते आणि त्याने टप१–सायक८ हे सहदमनक संकुल स्वतःकडे ओढून आणलेले असते. ग्लुकोज संपले की स्निफ१ हे कायनेज मिग१ वर फॉस्फेट चढवते आणि मिग१ केंद्रकाबाहेर निघून जाते. दुसऱ्या चित्रात रॅफिनोज आहे. गॅल४ हे ८८१ अमिनो आम्लांचे सक्रियक प्रथिन जोडीजोडीने डीएनएवर बसलेले आहे, परंतु त्याचा सक्रियक भाग गॅल८० या प्रथिनाने झाकून टाकला आहे. गॅल४ ची बसण्याची जागा १७ बेस जोड्यांची असते. तिच्या एका टोकाला सीजीजी, दुसऱ्या टोकाला सीसीजी आणि मध्ये ११ मोकळे बेस असा तिचा साचा आहे. गॅल१ आणि गॅल१० ही दोन जनुके एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत आणि त्यांच्यामधल्या जागेत अशी चार ठिकाणे आहेत. तिसऱ्या चित्रात गॅलॅक्टोज येते, गॅल३ हे प्रथिन गॅलॅक्टोज आणि एटीपी यांना धरून गॅल८० ला अडकवते, आणि गॅल४ चा झाकलेला भाग मोकळा होतो.

संकुलांची खरी वर्दळ येथून सुरू होते. मोकळा झालेला गॅल४ सागा संकुलाला त्याच्या ट्रा१ या अवाढव्य उपएककामार्फत बोलावतो. मेडिएटरच्या शेपटीतील मेड१५ या उपएककाशीही तो जोडला जातो. जुन्या लेखनात याच मेड१५ ला गॅल११ म्हटलेले आढळेल. स्विस्निफ संकुल प्रवर्तकावर, म्हणजे प्रतिलेखन जेथून सुरू होते त्या डीएनए-भागावर, बसलेले न्यूक्लिओसोम (हिस्टोन प्रथिनांभोवती डीएनए गुंडाळून झालेले गोळे) हटवण्यास हातभार लावते, टाटा-बंधक प्रथिन म्हणजे टीबीपी टाटा पेटीवर (प्रवर्तकातील एका ठरावीक डीएनए-क्रमावर) बसते, इतर सामान्य घटक गोळा होतात आणि शेवटी आरएनए तयार करणारे आरएनए पॉलिमरेज २ हे विकर कामाला लागते. हे चित्र पुस्तकातून उतरवून न घेता आठवणीने पुन्हा पुन्हा काढावे. ज्या ठिकाणी हात अडखळतो त्या ठिकाणचे वाचन अपुरे आहे, हे तेथेच समजते.

पायरी दुसरी : नावे वाचायला शिकणे

यीस्टच्या जनुकांची नावे ऐकताना विचित्र वाटतात, परंतु प्रत्येक नावामागे एखादा जुना प्रयोग उभा असतो. तो प्रयोग माहीत झाला की नाव विसरणे अवघड जाते. स्निफ ही अक्षरे सुक्रोज आंबवू न शकणाऱ्या पेशींवरून आली. त्या पेशींत सुक२ हे इन्व्हर्टेजचे जनुक चालू होत नव्हते. स्वि ही अक्षरे लिंगप्रकार बदलू न शकणाऱ्या पेशींवरून आली; त्यांच्यात हा बदल घडवणारे एचओ हे जनुक बंद राहत होते. दोन स्वतंत्र वाटांनी निघालेले अभ्यासक एकाच जनुकापाशी पोहोचले, स्निफ२ आणि स्वि२ ही एकाच जनुकाची दोन नावे ठरली, आणि संकुलाला स्विस्निफ हे जोडनाव मिळाले.

सागाचे नावही असेच उलगडते. एसपीटी मालिकेतील जनुके टीवाय या उड्या मारणाऱ्या डीएनए-घटकाने बिघडवलेले प्रतिलेखन पुन्हा मार्गावर आणणाऱ्या उत्परिवर्तनांतून मिळाली. एडीए मालिका मिळवण्याची युक्ती तर विशेष सुंदर आहे. गॅल४ च्या डीएनए-बंधक भागाला विषाणूच्या व्हीपी१६ प्रथिनाचा जोरदार सक्रियक भाग जोडला आणि हे प्रथिन पेशीत भरमसाट बनवले, तर पेशीची वाढ खुंटते. अशा परिस्थितीतही वाढत राहिलेल्या उत्परिवर्तित पेशी निवडल्या, आणि सक्रियकाचा संदेश पुढे पोहोचवणारी जनुके त्यांच्यात बिघडलेली निघाली. एसपीटी, एडीए आणि जीसीएन५ ही नावे आणि ॲसिटिलट्रान्सफरेज हे काम यांची आद्याक्षरे मिळून सागा झाले. १९९७ मध्ये या संकुलाचे वर्णन प्रसिद्ध झाले. मेडिएटरच्या काही उपएककांना जुन्या लेखांत एसआरबी म्हटलेले असते, कारण ती पॉलिमरेजच्या शेपटीतील दोषाची भरपाई करणाऱ्या उत्परिवर्तनांतून मिळाली होती. २००४ मध्ये मेडिएटरच्या उपएककांची नावे मेड या एकाच मालिकेत आणली गेली. त्यापूर्वीचे लेख वाचताना दोन्ही नावांचा तक्ता शेजारी ठेवावा.

प्रत्येक जनुकाला एक पद्धतशीर नावही असते. गॅल४ चे असे नाव वायपीएल२४८सी आहे. त्यातील वाय म्हणजे यीस्ट, पी म्हणजे सोळावे गुणसूत्र, एल म्हणजे त्याचा डावा बाहू, २४८ हा गुणसूत्रबिंदूपासून मोजलेला क्रमांक आणि सी ही डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकाची खूण. रोमन लिपीत लिहिताना मूळ जनुक मोठ्या तिरप्या अक्षरांत, उत्परिवर्तित रूप लहान तिरप्या अक्षरांत, आणि प्रथिन सरळ ठशात फक्त पहिले अक्षर मोठे ठेवून लिहितात. हा संकेत पहिल्या दिवसापासून पाळावा, कारण प्रथिनाबद्दल केलेले विधान जनुकाच्या नावाने लिहिले गेले की वाचणाऱ्याचा अर्थच बदलतो.

पायरी तिसरी : कामावरून गट पाडणे

यादी आता पुन्हा पाहावी आणि प्रत्येक संकुलाला एकच प्रश्न विचारावा : हे संकुल नेमक्या कशाला हात लावते?

काही संकुले हिस्टोनवर रासायनिक खुणा करतात किंवा पुसतात. सागातील जीसीएन५ मुख्यतः एच३ हिस्टोनवर ॲसिटिल गट चढवते, न्यूए४ मधील ईएसए१ मुख्यतः एच४ वर. आरपीडी३ ते गट उतरवते. कॉम्पासमधील सेट१ एच३ च्या चौथ्या लायसीनवर मिथिल गट बसवते. दुसऱ्या गटातील संकुले एटीपी खर्चून न्यूक्लिओसोम सरकवतात किंवा काढून टाकतात. एका न्यूक्लिओसोमभोवती १४७ बेस जोड्या गुंडाळलेल्या असतात, त्यामुळे प्रवर्तकावरचा एखादाच न्यूक्लिओसोम हलला तरी टाटा पेटी उघडी पडू शकते. स्विस्निफ आणि आरएससी याच गटातली; पैकी स्विस्निफवाचून पेशी कशीबशी जगते, आरएससीवाचून जगत नाही.

तिसऱ्या गटात मेडिएटर आहे, आणि त्याच्यावर थोडे थांबायला हवे. यीस्टच्या मेडिएटरमध्ये २५ उपएकके आहेत : डोके, मधला भाग आणि शेपूट मिळून २१, आणि सुटे होऊ शकणारे चार उपएककांचे कायनेज-खंड. शेपूट सक्रियकांना धरते, डोके आणि मधला भाग पॉलिमरेजला धरतात. पॉलिमरेज २ मध्ये १२ उपएकके असतात आणि त्यातील सर्वांत मोठ्या उपएककाच्या टोकाला सात अमिनो आम्लांचा एकच तुकडा २६ वेळा आलेला असतो. मानवात तो ५२ वेळा येतो. मेडिएटरच्या मदतीने केआयएन२८ हे कायनेज या शेपटीवर फॉस्फेट चढवते आणि पॉलिमरेज प्रवर्तक सोडून पुढे निघते. कायनेज-खंड मेडिएटरला जोडलेले असेपर्यंत पॉलिमरेजला त्याच्याशी जुळवून घेता येत नाही. म्हणजे एकाच संकुलात चालना आणि रोध या दोहोंची सोय आहे. सक्रियकाचा निरोप पॉलिमरेजपर्यंत कसा पोहोचतो, हे कोडे सोडवताना रॉजर कोर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेला मेडिएटर सापडले. दृश्यकेंद्रकी प्रतिलेखनाच्या रेणवीय आधाराविषयीच्या कामासाठी त्यांना २००६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

टप१–सायक८ सारखी सहदमनक संकुले आणि टीएफआयआयडीसारखे सामान्य घटक यांची टिपणे स्वतंत्र पानांवर करावीत. या टप्प्यावर त्यांचे एवढेच वर्गीकरण पुरे.

पायरी चौथी : कोणते उपएकक हाताशी धरायचे

नवख्यांच्या हातून सर्वाधिक चुका येथे होतात. ट्रा१ सागामध्येही आहे आणि न्यूए४ मध्येही. टीएएफ मालिकेतील पाच प्रथिने टीएफआयआयडी आणि सागा या दोघांत सामाईक आहेत. आरपीडी३ मोठ्या आणि लहान अशा दोन संकुलांत असते आणि त्या दोहोंची कामे वेगळी आहेत : मोठे (यादीतील आरपीडी३एल) यूएमई६ सारख्या प्रथिनांमार्फत प्रवर्तकांवर येते, तर लहान जनुकाच्या अंगातील हिस्टोन ॲसिटिलमुक्त ठेवून मधूनच सुरू होणारे भलते प्रतिलेखन रोखते. त्यामुळे आरपीडी३ काढून टाकल्यावर दिसलेला परिणाम नेमका कोणाचा, हे त्या एका प्रयोगावरून सांगता येत नाही.

म्हणून प्रश्नानुसार उपएकक निवडावे. संपूर्ण सागा नसेल तर काय होते हे पाहायचे असल्यास एसपीटी२० काढावे, कारण त्यावाचून संकुल विस्कटते. फक्त ॲसिटिल चढवण्याचे काम थांबवायचे असल्यास जीसीएन५ मधील विकरकार्य नष्ट करणारे बिंदू-उत्परिवर्तन वापरावे, कारण जीसीएन५ अख्खे काढले तर काम आणि आधार दोन्ही एकदम जातात. हिस्टोनवर जोडलेले यूबिक्विटिन हे छोटे प्रथिन उतरवणाऱ्या सागाच्या खंडाबद्दल प्रश्न असेल तर यूबीपी८ निवडावे. प्रयोगाच्या वहीत पहिल्या ओळीत प्रश्न आणि दुसऱ्या ओळीत निवडलेले उपएकक त्याच प्रश्नाचे उत्तर का देईल, हे एका वाक्यात लिहावे. ते वाक्य लिहिता येत नसेल तर प्रयोग सुरू करू नये.

पायरी पाचवी : पेशी वाढवणे आणि डोळ्यांनी पाहणे

महागड्या तंत्रांकडे वळण्यापूर्वी साध्या ताटल्यांवरील वाढ पाहावी. मूळ वाण आणि उत्परिवर्तित वाण एकाच दिवशी ताजे वाढवावेत, पेशींची संख्या समान करून दहा-दहापट विरल द्रावणांची मालिका करावी आणि प्रत्येक द्रावणाचा लहान थेंब ओळीने ठेवावा. ग्लुकोज, गॅलॅक्टोज, सुक्रोज, इनॉसिटॉल नसलेले माध्यम आणि ३७ अंश तापमान एवढ्या ताटल्या दोन-तीन दिवसांत पुष्कळ काही सांगतात. गॅलॅक्टोजच्या ताटलीत ॲन्टिमायसिन ए घातले तर श्वसन बंद पडून पेशींना किण्वनावरच जगावे लागते आणि गॅल जनुकांतील दोष स्पष्ट होतो. हे द्रव्य विषारी आहे, ते हातमोजे घालूनच हाताळावे. इनॉसिटॉल नसलेले माध्यम वगळू नये, कारण इनॉसिटॉल बनवण्यासाठी लागणाऱ्या आयएनओ१ या जनुकाला अनेक संकुलांची गरज लागते आणि स्विस्निफ, मेडिएटर किंवा पॉलिमरेजची शेपूट यांतील दोष तेथे चटकन उघडे पडतात.

द्रव माध्यमातील वाढही नुसत्या डोळ्यांनी पाहण्याजोगी असते. टप१ काढलेल्या वाणाचा फ्लास्क रात्रभर हलवून सकाळी टेबलावर ठेवला, तर मूळ वाणासारखा एकसारखा दुधी गढूळपणा त्यात दिसत नाही. पेशींचे कणीदार पुंजके झटपट तळाशी बसतात आणि वरचे माध्यम जवळजवळ नितळ होते. पेशींना एकमेकींशी चिकटवणारी फ्लो जनुके एरवी टप१–सायक८ ने दाबून ठेवलेली असतात आणि ती आता मोकळी झालेली असतात. असे वाण प्रकाशमापकात मोजताना आकडा फसवा येतो, कारण पुंजक्यातील शंभर पेशी प्रकाश शंभर सुट्या पेशींइतका विखुरत नाहीत. ईडीटीए घालून पुंजके सोडवावेत आणि मगच मोजावे.

पायरी सहावी : संकुल जनुकावर आहे का, हे तपासणे

यासाठी क्रोमॅटिन अवक्षेपण, प्रयोगशाळेतील बोलीत चिप, हे तंत्र वापरतात. प्रथम निवडलेल्या उपएककाच्या शेवटच्या टोकाला प्रतिपिंडाने ओळखता येणारा खूण-तुकडा जोडावा. दोन्ही बाजूंना ४० ते ५० बेस जोड्यांचे साम्य ठेवलेला पीसीआर-तुकडा यीस्ट स्वतःच योग्य जागी बसवून घेते. खूण जोडलेले वाण मूळ वाणाइतके वाढते का, हे आधी थेंबांच्या ताटलीवर पाहावे. वाढ मंदावली असेल तर त्या खुणेने प्रथिन बिघडवले आहे आणि पुढचे सर्व आकडे निरुपयोगी ठरतील.

पेशी २ टक्के रॅफिनोजवर मध्यम घनतेपर्यंत वाढवाव्यात, २ टक्के होईल इतके गॅलॅक्टोज घालावे आणि ठरलेल्या वेळी १ टक्का फॉर्मल्डिहाइडने १५ ते २० मिनिटे प्रथिने डीएनएला बांधून टाकावीत. फॉर्मल्डिहाइडचे काम फ्यूम हुडमध्येच करावे. त्यानंतर ग्लायसीनने अभिक्रिया थांबवावी, काचेच्या मण्यांनी थंडीत पेशी फोडाव्यात आणि ध्वनिलहरींनी डीएनएचे साधारण २०० ते ५०० बेस जोड्यांचे तुकडे करावेत. तुकड्यांची लांबी दर वेळी जेलवर पाहावी. हजारभर बेसचे तुकडे राहिले तर गॅल४ च्या जागेवरील संकेत आणि टाटा पेटीवरील संकेत वेगळे ओळखता येत नाहीत. पुढे प्रतिपिंडाने अवक्षेपण, धुणे, ६५ अंशांवर रात्रभर ठेवून बंध सोडवणे आणि परिमाणात्मक पीसीआर हा क्रम ठरलेला आहे.

निष्कर्ष मात्र तुलनेच्या नमुन्यांवर उभा राहतो. खूण नसलेले वाण, अवक्षेपणापूर्वीचा एकूण डीएनए आणि प्रतिलेखन होत नसलेला गुणसूत्राचा एक भाग, हे तीन नमुने प्रत्येक प्रयोगात हवेतच. २०१३ मध्ये असे दाखवले गेले की केंद्रकात पाठवलेले साधे हिरवे चकाकणारे प्रथिन, ज्याचा प्रतिलेखनाशी काहीही संबंध नाही, तेही जोरात चालणाऱ्या जनुकांवर चिपमध्ये हजर दिसते. म्हणून चालू गॅल१ वर दिसलेल्या प्रत्येक संकेतावर विश्वास ठेवण्यापूर्वी, असंबद्ध प्रथिनाचा संकेत तेथे किती येतो हे पाहावे. याची उलट बाजूही लक्षात ठेवावी. मेडिएटर टाटा पेटीजवळ इतके अल्पकाळ थांबते की चिपमध्ये ते मुख्यतः सक्रियकाच्या जागेवरच सापडते. २०१४ मध्ये केआयएन२८ चे कार्य थांबवल्यावर ते प्रवर्तकावर अडकलेले स्पष्ट दिसले. संकेत नाही म्हणजे संकुल तेथे येतच नाही, असे यामुळे म्हणता येत नाही.

पायरी सातवी : प्रत्यक्ष परिणाम आणि दूरचा परिणाम वेगळे करणे

जनुक काढून टाकलेले वाण अनेक पिढ्या त्या उणिवेसह वाढलेले असते आणि त्या काळात पेशीने इतर बरेच काही बदलून घेतलेले असते. म्हणून आता संकुल अचानक नाहीसे करण्याची तंत्रे वापरली जातात. एकात रॅपामायसिन घालताच खूण लावलेले प्रथिन रायबोसोमच्या प्रथिनाला अडकून केंद्रकाबाहेर ओढले जाते. दुसऱ्यात वनस्पतीतील ऑक्झिन संप्रेरकाने खूण लावलेले प्रथिन नष्ट केले जाते. दोन्हींना साधारण अर्धा तास पुरतो. रॅपामायसिनच्या पद्धतीसाठी त्या औषधाने वाढ न थांबणारे खास वाण लागते, हे विसरू नये.

या फरकाचे महत्त्व सागाच्या इतिहासात दिसते. सुमारे १० टक्के जनुके सागावर आणि उरलेली टीएफआयआयडीवर अवलंबून असतात, असे चित्र २००४ च्या सुमारास रूढ झाले, कारण सागा नसलेल्या वाणांत साठलेल्या आरएनएचे प्रमाण मोजक्याच जनुकांत घटलेले दिसे. २०१७ मध्ये नव्याने तयार होणारा आरएनए मोजला गेला, तेव्हा जवळजवळ सर्व जनुकांना दोन्ही संकुले लागतात असे आढळले. प्रतिलेखन मंदावले की पेशी आरएनएचा नाशही मंदावते, आणि त्यामुळे साठा फारसा घटलेला दिसत नाही. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते, कारण जुन्या प्रयोगांतील आकडे चुकीचे नव्हते. मोजलेली गोष्ट आणि विचारलेला प्रश्न यांत अंतर होते.

म्हणून पहिल्या स्वतंत्र प्रयोगासाठी अशी मांडणी करावी. मूळ वाण आणि प्रथिन झटपट हटवता येणारे वाण रॅफिनोजवर वाढवावेत, प्रथिन हटवावे, अर्ध्या तासाने गॅलॅक्टोज घालावे आणि ०, ५, १०, २० व ४० मिनिटांना प्रत्येक फ्लास्कमधून दोन नमुने घ्यावेत, एक आरएनएसाठी आणि एक चिपसाठी. गॅल१ सोबत साखरेमुळे न बदलणारे एक जनुकही मोजावे. तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या वसाहतींपासून सुरुवात करून हाच प्रयोग करावा, आणि वहीतील तिसरे चित्र काढायला घेण्यापूर्वी पाचव्या आणि दहाव्या मिनिटांचे आकडे समोर ठेवावेत, कारण कोण आधी आले आणि कोण नंतर, हे त्या दोन नमुन्यांतच दिसते.